भीमरावची बॅटरी आणि आमचे सत्कार

भीमराव ओव्हाळ गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात नवरदेवाचा फेटा होता. राहू गावात लग्न होतं. अर्धा फेटा त्या पोराच्या डोक्याला, अर्धा माझ्या खांद्यावर, आणि खिशातला मोबाईल वाजायला लागला. फेटा बांधताना मी फोन घेत नाही, हा माझा नियम. वाजून वाजून बंद पडला, परत वाजला. शेवटी नवरदेवच म्हणाला, "घ्या की आबा, मी कुठं पळून चाललोय?" पलीकडून भीमरावची मुलगी संघमित्रा बोलत होती. "आबा, पप्पा गेले. सकाळी शेडमधीच छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत बी न्हाई पोचलो." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडातून तेच आलं... मग मी फेटा पुरा केला, तुरा काढला, मागचा शेमला सोडला, आणि मांडवाच्या मागं जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसलो. तिथं मला कुणी बघत नव्हतं, ते एक बरं झालं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण संघमित्रा म्हणाली, "आबा, पप्पांवर तुम्हीच लिवा." मी म्हणालो, "अगं, एखाद्या गुरुजीला सांग, चांगलं लिहील." ती म्हणाली, "गुरुजींनी लिवलं की आधी सगळ्या मान्यवरांची नावं येत्यात, आन् पप्पांपर्यंत यायच्या आत कागद संपतो." ती कशाबद्दल बोलत होती ते मला कळलं. शिरूरमध्ये ते सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून लिहायला बसलोय. कौतुकाचं पुष्कळ लिहिता येईल, पण पेन हातात घेतलं की आधी लाज वाटायला लागते, ती बाजूला सारून पुढं जाता येत नाही.

आमची ओळख ढकलाढकलीतून झाली. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी जीप केडगावहून न्हावऱ्यावरून शिरूरला जायची. गाडीचं इंजिन राजासारखं होतं, पण बॅटरी रोज सकाळी मेलेली. पॅसेंजर भरायचे, मग त्यांनाच खाली उतरवायचं आणि ढकलायला लावायचं. एक दिवस इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल, वर केलेल्या बाह्या असा एक माणूस ढकलून ढकलून घामाघूम झाला आणि माझ्या खिडकीशी आला. "आबा, एक इचारू का? गाडी तुमची, भाडं तुमचं, मग ढकलायचं काम आमच्याकडं कसं आलं?" सगळे पॅसेंजर हसले. मला राग आला. मी म्हणालो, "ज्याला ढकलायचं न्हाई त्यानं यष्टीची वाट बघावी." तर म्हणतो कसा, "यष्टी बी ढकलूनच चालू होती. मी रेल्वेत हाय म्हणून वाचलोय, ती काय ढकलता येत न्हाई."

दौंडच्या रेल्वे यार्डात भीमराव डब्यांच्या बॅटऱ्यांवर कामाला होता. डब्यातले दिवे आणि पंखे चालतात ते डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्यांच्या पेट्या असतात त्यांच्यावर, हे मला त्यानंच सांगितलं. तोवर मला वाटायचं की इंजिनातूनच काहीतरी येत असेल. आय टी आय झालेला, इंग्रजी वाचणारा, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. शिरूरपर्यंत पुढच्या सीटवर बसून त्यानं माझ्या बॅटरीची कुंडली मांडली. आठ दिवसांनी स्वतः बनवलेली बॅटरी घेऊन स्टँडवर हजर. पेटी निळ्या रंगानं रंगवलेली, त्यावर पिवळ्या अक्षरात 'सम्राट'. अक्षरं त्याचीच, जरा वाकडी. मी विचारलं, "कुठली ही?" "माझी." "म्हंजी लोकल?" त्यानं गॉगल काढला. तो चिडला की गॉगल काढायचा. "लोकल म्हंजी काय आबा? तुमचा ऊस काय जपानातनं येतो? तो गोड लागतो आन् माझी बॅटरी तेवढी लोकल व्हय?"

मी घेतली. घेतली ती काही त्याच्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. चार माणसांसमोर मला गप्प केलं होतं, आणि ती बंद पडल्यावर त्याच चार माणसांसमोर त्याला परत करायची होती म्हणून घेतली. ती बंद पडलीच नाही. दोन पावसाळे गेले, जीपचे टायर बदलले, सीट बदलली, बॅटरी तीच. मी अडून बसलेला माणूस, चांगली आहे असं तोंडानं म्हणालो नाही. पण पॅसेंजरांना ढकलायला लावायचं बंद झालं, ते सगळ्यांना दिसत होतं.

मग त्यानं रेल्वे सोडली. सरकारी नोकरी सोडली म्हणून त्याची बायको शालन महिनाभर त्याच्याशी धड बोलत नव्हती. शिरूरच्या बाहेर न्हावऱ्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतली, मागच्या दोन खोल्यांत संसार. रांजणगावला कारखाने उभे राहत होते, कामगारांच्या बस धावायला लागल्या होत्या, त्याला तिथलं काम दिसत होतं. शिसं वितळवायचं, साच्यात ओतून जाळी काढायची, जाळीत लेप भरायचा, प्लेटा वाळवायच्या, पेटीत बसवायच्या, मग ॲसिड. चार बाया आणि दोन गडी कामाला. शिशाचं काम म्हणून सगळ्यांना रोज गुळाचा खडा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कुणी भाकरीला हात लावला तर भीमराव घर डोक्यावर घ्यायचा. मला म्हणायचा, "आबा, हे सम्राट बॅटरीचं साम्राज्य." मी म्हणायचो, "राजवाड्याला पत्रा गळतोय." "गळू द्या, पुढच्या वर्षी स्लॅब." तो दर वर्षी पुढच्या वर्षी स्लॅब टाकायचा.

माझ्या जीपमधली पुढची सीट म्हणजे त्याची कचेरी. पेपर उघडून मोठ्यांदा वाचायचा आणि मला समजावून सांगायचा. बाजार खुला झाला होता, बाहेरच्या देशातून बॅटऱ्या यायला लागल्या होत्या, आणि आपले मोठे कारखानेही ओरडत होते. तेव्हा दिल्लीत धोरण चाललं होतं की बॅटरीचा धंदा देशातच उभा राहिला पाहिजे. मी म्हणायचो, "धोरण म्हंजी काय रं?" तो म्हणायचा, "आबा, उद्या गाडी बॅटरीवर, टेलिफोनचा टॉवर बॅटरीवर, दवाखान्यातलं मशिन बॅटरीवर. ती बॅटरी कोण बनवणार, हे आज ठरतंय, तेच धोरण. मोठ्याला जमीन मिळंल, सवलत मिळंल, ते मिळू दे. पण त्यात एक कलम बारक्यांचं बी हाय. ज्याची बॅटरी तपासणीत पास हुईल त्याचं नाव यादीत, आन् यादीत नाव असंल त्याच्याकडनंच सरकारी खाती माल घेणार. त्या यादीत न्हाई गेलो तर जन्मभर तुमच्यासारख्यांच्या जीपा आन् ट्रॅक्टर. त्याच्यावर शेड न्हाई चालत आबा." हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्यासारख्यालाही पाठ झालं. अर्जावर अर्ज केले. पुण्याला खेपा घातल्या. आणि लोडशेडिंग वाढायला लागलं त्या उन्हाळ्यात निरोप आला की दिल्लीची समिती नगरला जाताना शिरूरला थांबणार, दीड तास, आणि ओव्हाळांचं युनिट बघणार.

आता इथं एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॅटरीची तपासणी म्हणजे दिवा लावून बघणं नव्हे. भीमरावनं मोठे दिवे एका फळीवर बसवले होते, ते एकदम लावून तासभर बॅटरीवर ओझं टाकायचं आणि मीटरचा काटा किती खाली येतो ते बघायचं. तो म्हणायचा, "पाच मिनिटं तर मेलेली बॅटरी बी दिवा लावती आबा. खरी कोण ते तासानं कळतं." दीड तासातला एक तास तपासणीला, अर्धा तास शेड दाखवायला, असा त्याचा हिशोब. मला फक्त एवढंच सांगितलं होतं, "तुम्ही पाव्हण्यांच्या च्याचं बघा. बाकी काय नको."

पण दिल्लीचे साहेब येणार ही बातमी आमच्याकडं दाबून राहते का? शिरूरपासून केडगावपर्यंत पसरली. ज्यांनी कधी त्या शेडमध्ये पाय ठेवला नव्हता ते सगळे चौकशीला यायला लागले. माजी चेअरमन, आजी चेअरमन, सभापती, दोन गावांचे सरपंच, पतसंस्थेवाले. मांडव पाहिजे असं ठरलं, माईक पाहिजे असं ठरलं. भीमराव म्हणाला, "आबा, सत्कार नको. येळ न्हाई." आणि मी म्हणालो... मला अजून ते माझं बोलणं ऐकू येतं. "दिल्लीवरनं माणूस येतो आन् आपण नुसता च्या पाजून वाटंला लावायचं? शिरूर-दौंडची काय अब्रू हाय का न्हाई? फेटा बांधल्याशिवाय मी कुणाला सोडणार न्हाई." केडगाव ते शिरूर माझ्यासारखा फेटा बांधणारा दुसरा नव्हता, हे मला माहीत होतं आणि ते दिल्लीलाही कळावं असं वाटत होतं. भीमरावनं गॉगल काढला, माझ्याकडं बघितलं, आणि परत घातला. म्हणाला, "बरं. पण झटपट उरका." त्याला वाटलं असेल, आपल्याच माणसांशी कुठं भांडत बसायचं.

मांडववाल्यानं रस्त्याकडून लोकांना दिसावं म्हणून स्टेज बरोबर शेडच्या दारात लावलं. मागं पडदा, पडद्यावर बॅनर, आणि पडद्याच्या मागं शेडचं शटर. म्हणजे जे बघायला माणसं येणार ते पडद्याआड गेलं. आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. शालनच्या मात्र दुसरंच ध्यानात आलं. तिनं बॅनर वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला म्हणाली, "भाऊजी, समद्यांची नावं हाईत. ह्यांचं कुठंय?" मी सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "अरे हो, राहून गेलं. तोंडानं घेऊ की." राहून गेलं! मी एवढी वर्षं कार्यक्रमांना जातोय, चेअरमनचं नाव बॅनरवर राहून गेलेलं मी कधी बघितलं नाही. ओव्हाळाचंच नाव राहून जातं. त्या दिवशी मीही "हां, तोंडानं घ्या" म्हणून पुढं गेलो.

समिती अगदी वेळेवर आली. आमच्याकडं पाहुणा वेळेवर येतो याची कुणाला सवय नाही, त्यामुळं चेअरमन यायचे होते म्हणून आधी थांबलो. तीन साहेब, त्यात मोठ्या एक मॅडम. मॅडमनी गाडीतून उतरताच विचारलं, "यूनिट कहाँ है?" गुरुजी माईकवर म्हणाले, "मॅडमनी आल्या आल्या युनिटची चौकशी केलेली आहे, जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. मग नावं सुरू झाली. एकेक मान्यवर उठायचा, हार, नारळ, फोटो. फोटोवाला म्हणायचा परत एकदा, तर परत एकदा. मग माझी पाळी. मी तिघांनाही फेटे बांधले, चुण्या पाडून, नीट. धाकटा साहेब म्हणाला, "छोटा बाँध दीजिए, देर हो रही है." मी त्याला मराठीतच म्हणालो, "छोटा फेटा पोराटोराला. साह्यबाला मोठाच." लोक हसले, मला बरं वाटलं. भीमराव स्टेजच्या पायरीशी उभा होता, नवा शर्ट, खिशात ॲसिड तपासायची काचेची नळी. दोनदा तो गुरुजींकडं गेला. गुरुजी माईकवर हात ठेवून म्हणाले, "थांबा हो, तुमचं बी नाव घ्यायचंय." मग माजी चेअरमन बोलायला उठले. ते बॅटरीवर बोलायला उठले आणि कांद्यावर जाऊन पोचले. कांद्याला भाव नाही हे त्यांनी दिल्लीला चांगलं खडसावून सांगितलं. आमच्या लोकांनी सगळ्यात जास्त टाळ्या तिथं वाजवल्या. मीही वाजवल्या.

मॅडम घड्याळाकडं बघून उठल्या तेव्हा कुठं आम्हाला जाग आली. नगरला पुढची वेळ दिलेली होती. त्या म्हणाल्या, पाच मिनिटं दाखवा. पडदा वर करून, डोक्यावरचे फेटे सांभाळत, वाकून वाकून ते तिघं शटरपर्यंत गेले. भीमरावनं दिवे लावले. सगळे दिवे लख्ख पेटले. मॅडम म्हणाल्या, "बढ़िया. जल तो रहा है." भीमराव म्हणाला, "मॅडम, पाँच मिनट तो मरी हुई बॅटरी भी जलती है. एक घंटा रुकिए. सिर्फ एक घंटा." त्याचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. माझ्याशी, गिऱ्हाइकाशी, पोलिसाशीसुद्धा तो टेचात बोलायचा. मॅडम भल्या होत्या, त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाल्या, टाइम तो आपको दिया था. आणि गेल्या. जाताना तिन्ही फेटे गाडीच्या दारात अडकत होते.

लोक गाडीच्या मागं गेले, पांगले. भीमरावनं दिवे बंद केले नाहीत. त्यानं लाकडी स्टूल ओढलं, फळीसमोर बसला, दुसरं स्टूल माझ्याकडं ढकललं. "बसा आबा. तुम्ही तरी बघा." बाहेर मांडववाले दोऱ्या सोडत होते, खुर्च्या आपटत होते. मी बसलो. थोड्या थोड्या वेळानं तो म्हणायचा, "मीटर वाचा." मी आकडा वाचायचो. तो मान हलवायचा. तासभर तसे बसलो. मी आपला चौथी पास, फेटा बांधणारा, मला त्या आकड्याचा अर्थ कळत नव्हता, आणि माझ्या बघण्याला दिल्लीत कुणी विचारणार नव्हतं. शेवटी तो उठला, दिवे बंद केले. "पास," म्हणाला. मग म्हणाला, "कुणाला सांगू?"

पुढं यादी आली. पेपरात बारक्या अक्षरात होती. त्यानं माझ्याच जीपमध्ये वाचली. शिरूरचं नाव नव्हतं. मी गाडी चालवत राहिलो. मला वाटत होतं त्यानं शिव्या द्याव्यात, गाडी थांबवून उतरावं. त्यानं पेपर घडी करून मांडीखाली ठेवला आणि म्हणाला, "आबा, आज कुणाचा सत्कार हाय का? असला तर सांगा, मी दुसऱ्या रस्त्यानं जातो." एवढंच. आणि हे वाक्य त्यानं मग पुढं वर्षानुवर्षं वापरलं. स्टँडवर दिसलो की "आज कुणाचा सत्कार?" सगळे हसायचे. मीही हसायचो, करणार काय...

शेड बंद पडली नाही, पण तिनं रूप बदललं. लोडशेडिंगनं घरोघर इन्व्हर्टर आले, त्यांना बॅटऱ्या पाहिजेत. पुण्याचा एक व्यापारी भीमरावकडून बॅटऱ्या घ्यायचा. निळा रंग नको, सम्राट नको, नुसती काळी पेटी द्या म्हणायचा. पुण्यात त्यावर यादीत असलेल्या दुसऱ्याच कुणाचा तरी चकचकीत स्टिकर लागायचा आणि माल सरकारी कचेऱ्यांत जायचा. पिवळ्या रंगाचा डबा शेडच्या खिडकीत वाळून गेला. शालन एकदा म्हणाली, "आमची लेक दुसऱ्याच्या नावावर नांदती बघा भाऊजी." भीमराव म्हणाला, "नांदती ना? मग झालं." पण त्यानं गॉगल काढला होता.

एकदा खुटबावला आमच्या ग्रामपंचायतीत इन्व्हर्टर आला. सरपंच मोठ्या कौतुकानं दाखवत होता. भीमराव माझ्याकडं आला होता, त्यालाही नेलं. सरपंच म्हणाला, "बॅटरी कंपनीची हाय, लोकल न्हाई." भीमराव खाली वाकला, पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं, टर्मिनलपाशी बघितलं, आणि मला हळूच म्हणाला, "माझीच हाय." माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार होतो. भर पंचायतीत सांगणार होतो, की ही ह्या माणसानं बनवलीय, अन् तुमच्याच असल्या कार्यक्रमापायी... त्यानं माझं मनगट धरलं. "गप बसा आबा. चांगली चाललीय. तुम्ही आता तिचा सत्कार केला तर बंद पडंल." बाहेर आल्यावर तो हसला, मोठ्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसता आलं नाही. त्यानं त्या दिवशी जेवणही माझ्याकडं घेतलं, दोन वेळा आमटी मागून. माझी बायको म्हणाली, भीमराव दाजी आज लई खुशीत. मी ताटावरनं उठलो.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात शिरूरच्या व्यापाऱ्यांनी हॉलमध्ये शोकसभा ठेवली. या वेळी बॅनरवर भीमरावचं नाव होतं, फोटोसुद्धा होता, गॉगलमधला. सूत्रसंचालनाला तेच गुरुजी, आता केस पिकलेले. त्यांनी "कैलासवासी भीमरावजी" म्हणून सुरुवात केली. पहिल्या रांगेतून संघमित्रा म्हणाली, "गुरुजी, आम्ही बौद्ध, कालकथित म्हणा." गुरुजी म्हणाले, "हां हां, तेच ते." ती म्हणाली, "तेच न्हाई." मला त्या पोरीचा अभिमान वाटला. मग नावं सुरू झाली. उपस्थित मान्यवर. आजी, माजी. आणि मग गुरुजी म्हणाले, "भीमरावजींचे ज्येष्ठ स्नेही आपल्यात आहेत, त्यांचा आपण यथोचित सन्मान करू." माझं नाव घेतलं. मी उठलो. मला वाटलं होतं बोलायला उठवलंय, आणि मी बोलणार होतो, घरून ठरवून आलो होतो, बॅनर, पडदा, कांदा, फेटे, सगळं त्याच माणसांसमोर बोलणार होतो. तर समोरून शाल आली. आणि माझी मान खाली झाली. मी वाकवली नाही... ती आपोआप वाकली, इतक्या वर्षांच्या सवयीनं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटोवाला म्हणाला इकडं बघा, मी बघितलं. मान वर केली तेव्हा संघमित्रा दिसली. ती माझ्याकडं बघत होती आणि मग तिनं खाली बघितलं. मला जे बोलायचं होतं त्यातला एक शब्द तोंडातून निघाला नाही. शाल पांघरून काय बोलणार? मी खाली येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरूरला गेलो. मोटारसायकलवर नातवानं सोडलं, त्याला परत पाठवला. शेडचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. शालन बाहेर भांडी घासत होती. म्हणाली, "तास चालू हाय भाऊजी. आता आत कुणी जात न्हाई. समिती येऊन गेली तवापासनं ह्यांनी पद्धत पाडली. एकेक बॅटरी तासभर, शटर खाली, फोन बंद, मंत्रीसाहेब आले तरी बाहेर. पोरगी बी तसंच करती." एवढी वर्षं मी त्या शेडवर येत होतो, पण माझी यायची वेळ संध्याकाळची, त्यामुळं हे मला कधी दिसलंच नव्हतं. स्टिकर दुसऱ्याचा लागणार, पुण्याचा व्यापारी विचारतही नाही, तरी हा माणूस रोज स्वतःच समिती होऊन स्वतःची बॅटरी तपासत बसायचा.

मी पायरीवर बसलो. आतून संघमित्राचा आवाज येत होता. मीटरचा आकडा ती मोठ्यांदा म्हणायची, मग गप्प, मग पुन्हा आकडा. आत दुसरं कुणी नव्हतं. मी शालनला विचारलं, "कुणाला सांगती?" शालन म्हणाली, "हे बी असंच एकलेच आकडं म्हनायचे." आणि भांडी घासत राहिली.

तेवढ्यात मोटारसायकलवर एक तरुण ट्रॅक्टरवाला आला. "बॅटरी मिळंल का, आबा?" मी म्हणालो, "मिळंल. तासभर थांब." तो म्हणाला, "तासभर? दुकानात पाच मिनिटांत देत्यात की. कुणाची हाय बॅटरी?" मी म्हणालो, "भीमराव ओव्हाळांची." त्यानं शटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "कोण ओव्हाळ?" मी सांगायला लागलो. रेल्वेपासून सुरुवात केली, पण माझं लांबत गेलं, आणि तो किक मारून निघून गेला.

मी बसून राहिलो. आत तिनं पुढचा आकडा म्हटला. मी तो मनात पुन्हा म्हटला आणि त्याच्या पुढच्याची वाट बघायला लागलो.